स्विस मंत्री विडमर-श्लुम्प्फ: पक्षाचा विरोध असताना मंत्रिपद घेतलं, ही गद्दारी म्हणायची का?

मयुरी_एमए

नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एम.ए.ला आहे, दुसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे. विषय ‘स्थानिक सत्तेतून राष्ट्रीय सत्तेत गेलेल्या स्त्रिया’. वर्गातल्या बहुतेकांनी भारतातली नावं घेतली, मी स्वित्झर्लंडच्या एव्हेलिन विडमर-श्लुम्प्फ यांचं घेतलं. चार दिवस खर्डेकर ग्रंथालयात बसून टिपणं काढलीत.

जन्म १९५६. ग्राउब्युंडेन या डोंगरी कॅन्टनातलं (कॅन्टन म्हणजे तिथलं घटकराज्य) फेल्सबर्ग हे गाव. शिक्षण कायद्याचं, व्यवसाय वकिलीचा. आधी गावच्या परिसरातल्या छोट्या न्यायालयात निवडून आल्या, पुढे त्याच्या अध्यक्ष झाल्या. १९९४ मध्ये कॅन्टनच्या विधिमंडळात. १९९८ मध्ये कॅन्टनच्या पाच जणांच्या सरकारात निवड, तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्याच बाई, आणि खातं मिळालं अर्थ. १२ डिसेंबर २००७ ला देशाच्या संसदेने त्यांना सात जणांच्या केंद्रीय मंत्रिमंडळात निवडलं. २०१२ मध्ये त्या वर्षभर राष्ट्राध्यक्ष होत्या. २०१५ च्या अखेरीस स्वतःहून बाहेर पडल्या.

इथपर्यंत ठीक आहे. घोडं अडलंय ते २००७ पाशी. त्यांच्या पक्षाचा, म्हणजे एसव्हीपीचा (स्विस पीपल्स पार्टी, उजव्या वळणाचा पक्ष), उमेदवार ख्रिस्टोफ ब्लोखर होता. तो मंत्री होताच, पुन्हा उभा होता. विडमर-श्लुम्प्फ यांनी अर्जही भरला नव्हता. मग त्या निवडून आल्या कशा? आणि पक्षाचा विरोध असताना त्यांनी ‘हो’ का म्हटलं? आमच्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, “मग ही गद्दारी की नाही, सांग.” मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकातलं नको, विचार करून लिहिणाऱ्यांनी लिहा. माझी आई एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होती, त्यामुळे हा विषय मला नुसता मार्कांपुरता नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मयुरी, आधी पद्धत समजून घे म्हणजे अर्धा गुंता सुटेल.

तिथे पंतप्रधान नाही. दोन्ही सभागृहांचे मिळून २४६ सदस्य एकत्र बसतात आणि सात मंत्र्यांची एकेक जागा घेऊन गुप्त मतदान करतात. अर्ज, सूचक, अनुमोदक असला प्रकार नाही. चिठ्ठीवर सदस्य ज्याचं नाव लिहील त्याला मत. पक्षाने उमेदवार जाहीर करायचा हा रिवाज आहे, कायदा नाही. त्या दिवशी पहिल्या फेरीत विडमर-श्लुम्प्फना ११६ मतं पडली, ब्लोखरना १११. दुसऱ्या फेरीत १२५ विरुद्ध ११५, आणि बहुमत झालं. समाजवादी, ग्रीन आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट सदस्यांनी आतल्या आत जमवून आणलेला तो डाव होता.

दुसरं, मंत्री एकदा निवडला की चार वर्षं अविश्वास ठराव नाही. त्यामुळे विद्यमान मंत्री पडणं ही तिथे भूकंपासारखी गोष्ट. १८४८ पासून २००७ पर्यंत असं फक्त चार जणांचं झालं, आणि त्यातली तिसरी रुथ मेट्झलर. २००३ मध्ये तिची जागा घेतली ती याच ब्लोखरने! ती पण आपेन्झेल इनररोडेन या चिमुकल्या कॅन्टनचा अर्थकारभार सांभाळून वर आलेली. सेमिनारमध्ये ही जोडी जरूर मांड.

एक सावधगिरी. कॅन्टन म्हणजे आपली जिल्हा परिषद असं समीकरण मांडू नकोस. ग्राउब्युंडेनचं क्षेत्रफळ सुमारे ७,१०० चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं साडेसात हजारांच्या वर, म्हणजे जमीन जवळपास तेवढीच. लोकसंख्या मात्र तिथे दोन लाखांच्या आसपास आणि आपली २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांहून जास्त. पण त्या दोन लाखांची स्वतःची राज्यघटना आहे, स्वतःचा प्राप्तिकर आहे, पोलीस आहेत, आणि जर्मन, रोमान्श, इटालियन अशा तीन राजभाषा आहेत. अधिकारांनी ते राज्यच.

भोगावतीकाठ

मयुरी बाळ, तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. मी जिल्हा परिषदेची माजी सदस्य. करवीर तालुक्यातल्या एका गटातून महिला राखीव जागेवर निवडून आले होते. या स्विस बाईबद्दल मला माहीत असण्याचं कारण एवढंच की माझा मुलगा झुरिकला नोकरीला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे तीन महिने राहिले, तेव्हा ही बाई त्या देशाची राष्ट्राध्यक्ष होती. टीव्हीवर दिसायची. बारीक चष्मा, आखूड केस, समोर कागद. मुलगा म्हणाला, “आई, ही तुझ्यासारखी खालनं वर आलीय.” तिथनं मी तिचं मिळेल ते वाचत गेले.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते तुला कळायचं नाही.

मी सदस्य झाले तेव्हा पहिली दोन वर्षं गप्प बसून कागद वाचले. सेस फंडातला, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला, दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणासाठी ठेवावा लागतो हे मला अंदाजपत्रक वाचूनच कळलं, कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या गटात एका वाडीवर अंगणवाडीचा वजनकाटा मोडलेला होता. सेविका पोरांना नुसतं उचलून बघायची आणि अंदाजाने रजिस्टरात आकडा घालायची. मी तिला म्हटलं, असं का? तर म्हणाली, “काटा मागितलाय वैनी, दोन मार्च झाले.” दोन मार्च, म्हणजे दोन आर्थिक वर्षं संपली. कचेरीत जाऊन बघितलं तर काट्यांची तरतूद होती आणि खर्ची न पडता राहिली होती. मी त्याच्या मागे लागले आणि आठ महिन्यांत माझ्या गटात काटे आले. ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लोकांच्या कानावर गेली.

पुढे पदाधिकारी निवडीची वेळ आली. आमच्या पक्षाने सगळ्या सदस्यांना सहलीला नेलं. कोल्हापुरात सहल म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आराम बस, समुद्रकाठचं हॉटेल, मोबाइल गटनेत्याकडे जमा. महिला व बालकल्याण समितीच्या सभापतिपदासाठी पक्षाने जिचं नाव ठरवलं होतं, तिला त्या खात्यात रस नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. निवडीच्या आदल्या रात्री माझा भाऊ हॉटेलवर आला, घरी आजारपण आहे असं सांगून मला फाटकापर्यंत बोलावून घेतलं. निरोप विरोधी गटाचा होता. “उद्या ताईंनी फक्त अर्ज भरावा. मतं आम्ही घालतो, आणि तुमच्यातलेही चौघे हात वर करतील.”

मी तासभर त्या फाटकापाशी उभी होते. भावाच्या फोनवरून मालकांशी बोलले. ते म्हणाले, “पक्षादेश मोडलास तर सदस्यत्व जाईल, ते जाऊ दे. पण औंदा ऊस वेळेत तुटायचा नाही.” दोन एकर आडसाली उभा होता. ज्यांच्या हातात तोड होती तेच आमचे नेते होते. मी भावाला नाही म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात पक्षाने सांगितलं तिथे हात वर केला. सगळ्यांनी बघितलं, गटनेत्याने मोजला. पुढच्या निवडणुकीला सोडतीत आमचा गट दुसऱ्या प्रवर्गाला गेला. मला शेजारच्या गटातून द्यायचं सोडाच, मुलाखतीलाही कुणी बोलावलं नाही.

म्हणून १२ डिसेंबरची रात्र मला फार जवळची वाटते. संसदेने निवडलं तेव्हा ती बाई सभागृहात नव्हती. राजधानी बर्नला पोहोचली आणि म्हणाली, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. संसदेने दिला. ती रात्र तिने कशी काढली असेल ते मी सांगू शकते. बाप लेऑन श्लुम्प्फ हाच पक्ष धरून १९८० ते १९८७ मंत्री होता. पक्ष म्हणजे तिच्या घरातली वस्तू. ब्लोखरचा रासायनिक उद्योग तिच्या फेल्सबर्गला लागूनच, डोमाट-एम्स गावात. म्हणजे वैर दूर राजधानीत नव्हतं, नदीपलीकडे होतं. आणि सकाळी ती उभी राहिली आणि ‘स्वीकारते’ म्हणाली.

सरांना सांग, गद्दारी म्हणायची तर आधी ती कुणाशी झाली ते बघावं लागेल. पक्षाने एप्रिल २००८ मध्ये फर्मान काढलं, मंत्रिपद सोड आणि पक्षही सोड. ती हटली नाही. मग ग्राउब्युंडेन शाखेला सांगितलं, हिला काढा. त्या शाखेने, म्हणजे जे तिला गावच्या न्यायालयापासून ओळखत होते, तिचं बजेट ज्यांनी आठ-नऊ वर्षं बघितलं होतं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं! तेव्हा १ जून २००८ ला अख्खी कॅन्टन शाखाच पक्षाने बाहेर काढली. एका बाईपायी सगळी शाखा, माणसंच्या माणसं. त्यांनी मिळून बीडीपी नावाचा वेगळा पक्ष काढला. याला मुळाशी एक कारणही होतं. ग्राउब्युंडेनची शाखा आधी डेमोक्रॅटिक पक्ष म्हणून स्वतंत्र होती, १९७१ मध्ये ती शेतकऱ्यांच्या पक्षात विलीन होऊन एसव्हीपी झाली. त्यांची स्वतःची तब्येत मवाळ होती, ब्लोखरच्या झुरिक शाखेच्या कडक वळणाशी ती कधी नीट जुळली नाही.

मी बर्नला गेले होते तेव्हा संसदेसमोरच्या चौकात दुपारभर बसले. जमिनीतून पाण्याची २६ कारंजी उडतात, २६ कॅन्टनांची २६. पोरं चड्डीवर त्यातनं पळत होती. त्याच चौकात ११ एप्रिल २००८ ला बारा हजारांच्या आसपास लोक, त्यात बहुतेक बायका, हिच्या पाठिंब्याला उभ्या राहिल्या होत्या. ज्या देशात बायकांना केंद्रात मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला, तिथे. मी तिथे बसून रडले बाळ, खोटं कशाला सांगू.

माझ्यासाठी त्या रात्री फाटकाबाहेर एकटा भाऊ होता.

मयुरी_एमए

काकू, तुमचं वाचून आईला दाखवलं. ती काही बोलली नाही, तिने परत एकदा वाचलं.

एक विचारते. तुम्ही हात वर करण्याचं लिहिलंत आणि वर सातव्या गल्लीच्या दादांनी गुप्त मतदानाचं. या दोन्हींचा संबंध मी लावला तर चालेल का? आणि कॅन्टनात अर्थमंत्री असताना त्यांनी खरं काय केलं, यावर मला फार थोडं मिळालंय.

गुजरी_सीए

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. काकूंबद्दल पूर्ण आदर ठेवून काही ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

आधी कर्तृत्व. सप्टेंबर २००८ मध्ये अर्थमंत्री हान्स-रुडॉल्फ मेर्त्स यांचं हृदय बंद पडलं आणि ते रुग्णालयात गेले. विडमर-श्लुम्प्फ तेव्हा न्याय आणि पोलीस खात्याच्या मंत्री, म्हणजे ब्लोखरच्याच खुर्चीत. त्यांच्याकडे अर्थ खातं तात्पुरतं आलं आणि नेमकी त्याच महिन्यात जगभर बँकांची पडझड. १६ ऑक्टोबरला यूबीएस बँक वाचवायची योजना जाहीर झाली. सरकारकडून ६ अब्ज फ्रँक भांडवल, आणि बुडीत मालमत्ता बाजूला काढायला राष्ट्रीय बँकेची ६० अब्ज डॉलरपर्यंतची व्यवस्था. स्वतःचा पक्ष चार महिन्यांपूर्वी गेलेला, खातं दुसऱ्याचं, आणि देशातली सगळ्यात मोठी बँक खचलेली. तिथे त्या डगमगल्या नाहीत.

२०१० च्या अखेरीपासून अर्थ खातं कायमचं त्यांच्याकडे आलं. १९३४ च्या कायद्याने बांधलेली बँक गोपनीयता परदेशी खातेदारांपुरती त्यांच्या काळात सुटली. अमेरिकेशी करार झाला, मग माहितीच्या आपोआप देवाणघेवाणीला स्वित्झर्लंड तयार झालं. आपल्याकडे ‘स्विस बँकेतला पैसा’ म्हणून जो विषय वर्षानुवर्षं सभांमधून गाजला, त्यात भारताला खात्यांची माहिती याच वाटेने, सप्टेंबर २०१९ पासून, मिळू लागली. बँकवाल्यांनी त्यांना देशात किती शिव्या घातल्या असतील याची कल्पना करा.

आता न पटलेलं. २०११ मध्ये त्यांच्या बीडीपीला देशात ५.४ टक्के मतं होती आणि एसव्हीपीला २६.६ टक्के. तरीही सातांपैकी दोघांची एकेकच जागा. १९५९ पासून ज्या देशाने मतांच्या प्रमाणात जागा वाटायचा शिरस्ता पाळला, तिथे हे प्रमाण बसत नाही. बाई लायक होत्या यात शंका नाही, पण लायकी हे प्रमाण मोडायचं कारण होऊ शकतं का? २०११ मध्ये संसदेने १३१ मतांनी त्यांना पुन्हा निवडलं हे खरं, पण त्या १३१ मध्ये त्यांच्या स्वतःच्या पक्षाची मतं मूठभर. माझ्या मते २०१५ मध्ये, बीडीपी ४.१ टक्क्यांवर आल्यावर, त्यांनी दहा दिवसांत ‘आता उभी राहणार नाही’ म्हणून सांगितलं, ते त्यांनी हा हिशेब स्वतः मान्य केला म्हणून. जागा एसव्हीपीच्या गी पार्मेलिनकडे गेली. २०२१ पासून बीडीपीही उरली नाही, ख्रिश्चन डेमोक्रॅटांबरोबर मिळून ‘मध्य’ नावाचा पक्ष झाला.

आणि मयुरी, पक्षादेश इतका वाईट नाही. आपल्याकडे पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या दहाव्या अनुसूचीआधी आणि जिल्हा परिषदांसाठीच्या १९८६ च्या कायद्याआधी सदस्य कसे फुटायचे ते जुन्या माणसांना विचार. लोक चिन्हाला मत देतात, त्या मताची किंमत कुणीतरी राखायला हवी.

भोगावतीकाठ

सीएसाहेब, तुम्ही नीट लिहिलंत. टक्क्यांचा मुद्दा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तुम्ही म्हणता ते ‘चिन्हाला दिलेलं मत’ राखायला आमच्या सहलीतलं एकही माणूस गेलं नव्हतं. तिथे राखली जात होती ती नेत्याची मर्जी. कायद्यात चिन्ह लिहिलंय आणि हॉटेलवर मर्जी चालते. बायकांना हे जास्त जड जातं, कारण तिकीट, गाडी, घरचा ऊस, सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या आहेत. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये याच कोल्हापूर संस्थानात पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढला तो मागासांच्या नोकऱ्यांसाठी, आणि ज्याला जागा मिळाली तो कचेरीत बसून काम करू लागला. आमच्या निम्म्या जागांवरच्या बायकांना कचेरीतलं कपाट उघडायलाही विचारावं लागतं.

मयुरी, संबंध लाव, बिनधास्त लाव. त्यांच्या राज्यघटनेच्या १६१ व्या कलमात चक्क लिहिलंय की संसद सदस्य कुणाच्याही आदेशाशिवाय मत देतात. वर मतदान गुप्त. ती १२५ मतं म्हणूनच पडू शकली. आपल्याकडे सभापतीची निवड हात वर करून होते. तो चौघांचा हात, भाऊ म्हणाला होता तो, वर झाला असता का? मला वाटतं, दोघांचा झाला असता.

आता कॅन्टनातलं. २००४ चं बघ, ते तुझ्या विषयाचं खरं पान आहे. केंद्राच्या संसदेने करांत सूट देणारं एक मोठं पॅकेज मंजूर केलं. दिसायला लोकांच्या फायद्याचं, पण त्यात कॅन्टनांचं उत्पन्न बुडत होतं. तिथे आठ कॅन्टनांनी शंभर दिवसांत मागणी केली तर केंद्राचा कायदा लोकांपुढे मताला न्यावा लागतो. ही तरतूद होती, पण देशाच्या इतिहासात आठ कॅन्टन कधी एकत्र आलेच नव्हते. त्या वर्षी अकरा आले. सगळ्या कॅन्टनांच्या अर्थमंत्र्यांच्या परिषदेची अध्यक्ष हीच बाई होती. तिचा पक्ष केंद्रात त्या पॅकेजच्या बाजूचा, आणि ती विरोधात गावोगाव आकडे घेऊन उभी. १६ मे २००४ ला मतदान झालं आणि दोन तृतीयांश लोकांनी पॅकेज फेकून दिलं.

म्हणजे २००७ ची ‘गद्दारी’ शोधायची तर ती तीन वर्षं आधीच उघड्यावर झाली होती, आणि तेव्हा तिला कुणी काढलं नव्हतं. कारण तेव्हा खुर्ची कुणाची गेली नव्हती. सरांना हे विचार.

आपल्याकडचं तोलायला तुला काही लागलं तर माझ्याकडे त्या वर्षांची जिल्हा परिषदेची अंदाजपत्रकाची पुस्तकं आहेत, पाचही. वजनकाट्यांच्या ओळीखाली माझी पेन्सिलची रेघ आहे. आईला घेऊन ये, रविवारी सकाळी मी घरीच असते. इथे निरोप टाकलास की पत्ता कळवते.

मयुरी_एमए

रविवारी येतो काकू. आई पण येते म्हणाली.